थ्रॉटलच्या दांड्यांची हकीगत

कोल्हापुरास दसऱ्याच्या सायंकाळी सीमोल्लंघनाचा सोहळा पाहण्यासाठी दसरा चौकात लोटलेल्या अपार जनसमुदायातून छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार जेव्हा सावकाश पुढे येते, तेव्हा कुणाची दृष्टी तिच्या लांबसडक बॉनेटवर, कुणाची आत विराजमान झालेल्या राजपरिवारावर, तर कुणाची आपट्याची पाने लुटण्याच्या घटकेकडे लागलेली असते. माझी मात्र, बालपणी जडलेल्या एका छंदापायी, तिच्या चालीवर खिळून राहते. पुढ्यात मुलेबाळे असताना, माणसाच्या पावलांच्या गतीने, एकही हिसका न देता मोटार चालविणे हे भरधाव चालविण्याहून कितीतरी कठीण काम आहे. कारण त्या वेळी इंजिनाच्या श्वासमार्गातील चकती जेमतेम केसभर उघडलेली असते, आणि चालकाच्या तळपायापासून त्या चकतीपर्यंत जे दांडे, जे सांधे, ज्या खुंट्या आणि ज्या स्प्रिंगा एकमेकींच्या हाती हात देऊन उभ्या असतात त्यांपैकी एकीतही ढिलाई असली, तर पायाने मागितलेले केसभर आणि चकतीने दिलेले केसभर यांचा मेळ बसत नाही व गाडी गचके खाऊ लागते. या जुळणीला थ्रॉटलची जोडणी म्हणतात. मोटारीच्या इतिहासावरील जे ग्रंथ माझ्या पाहण्यात आले त्यांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळालेले नाही, आणि ती दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली त्या मिस्त्री मंडळींचा तर नामोल्लेखही नाही. ती उणीव मला दीर्घकाळ सलत आली आहे.

दसरा चौकातील त्या मोटारीच्या नावातच या हकीगतीचा आरंभ आहे. राजाराम महाराजांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ती घेतली. तिचा कर्ता कार्ल मेबॅक हा जर्मनीतील फ्रीडरिशहाफेन येथील कारखानदार, आणि त्याचा पिता विल्हेल्म मेबॅक हा, बालपणीच मातापित्यांना पारखा होऊन रॉयटलिंगेन येथील एका धर्मादाय संस्थेत वाढलेला व तेथेच गॉटलीब डाइमलर याच्या नजरेत भरलेला, असामान्य प्रतिभेचा यंत्रकार. १८९३ च्या सुमारास या विल्हेल्मने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडणारा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनीही तशाच युक्तीचे पेटंट घेतले होते, आणि अग्रमान कुणाचा हा वाद तेथील अभिमानी लोक आजही आवेशाने मांडतात. त्यापूर्वीच्या कार्बोरेटरांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेली जाई व ती जेवढी वाफ उचलील तेवढ्यावर इंजिनाने भागवावे अशी रीत होती. कार्ल बेंझ याची पहिली गाडी अशाच उपायावर चाले. आणि १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था ही आपल्या दोन मुलांना घेऊन त्याच्या एका गाडीने मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरांवरील माहेरी गेली तेव्हा तुंबलेली इंधनाची नळी तिने आपल्या टोपीच्या टाचणीने मोकळी केली. मोटारीच्या रस्त्यावरील दुरुस्तीचा जो आद्य वृत्तांत जगाला ठाऊक आहे तो असा एका गृहिणीच्या नावावर आहे, ही गोष्ट आपल्याकडील गॅरेजांतून टाचणी हातात घेऊन जेट साफ करणाऱ्या प्रत्येक पोराला कुणीतरी सांगावयास हवी होती.

थ्रॉटल हा शब्द मात्र मोटारीहून वयाने वडील आहे. त्याचा मूळ संबंध गळ्याशी, गळा आवळण्याशी. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या यंत्रावर फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला तेव्हा यंत्राची गती वाढताच गोळे फाकत, फाकणाऱ्या गोळ्यांनी एक दांडा ओढला जाई, आणि त्या दांड्याने वाफेच्या नळीतील झडप मिटू लागे. म्हणजे गळा, गळ्यातील झडप, आणि दुरून त्या झडपेला हलविणारा दांडा ही त्रयी तेव्हाच अस्तित्वात आली होती. ज्या वॅटला जग वाफेसाठी ओळखते त्याला स्वतःला आपल्या सर्व कृतींत दांड्यांच्या एका जुळणीचा, समांतर गतीच्या योजनेचा, सर्वाधिक अभिमान वाटत असे. हे वाचल्यापासून त्याच्याविषयीचा माझा आदर दुणावला आहे. मोटारीत फरक एवढाच झाला, की नियामक गोळ्यांच्या जागी माणूस आला.

तोही आरंभी पायाने आला नाही, हाताने आला. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक संख्येने निघालेल्या फोर्डच्या टी मॉडेलात स्टीअरिंगच्या उजव्या अंगास एक छोटी तरफ असे. ती बोटांनी खाली ओढली की दांडा हले आणि कार्बोरेटरचा गळा खुला होई. डाव्या अंगाची तरफ ठिणगीची वेळ मागेपुढे करण्यासाठी; पायाखाली तीन पट्ट्या, पण त्यांपैकी एकही वेगाची नाही. हाताची तरफ जेथे ठेवावी तेथेच राहते, पायाची पट्टी मात्र पाय उचलताच परत आली पाहिजे. म्हणून हातातला कारभार पायाकडे गेला त्या वेळी जोडणीत परतीची स्प्रिंग अपरिहार्य झाली, आणि या स्प्रिंगेने सांध्यांवर जो अष्टौप्रहर ताण धरून ठेवला त्यातूनच पुढच्या साऱ्या झिजेची कथा जन्मास आली.

दुसरी अडचण क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये प्लायमाउथ गाडीत इंजिन रबरी बैठकांवर तोलून धरण्याची नामी युक्ती काढली तेव्हा उद्भवली. गाडीतील बसणाऱ्यांना हादरे लागेनासे झाले हे खरे. परंतु पायाची पट्टी सांगाड्याला जखडलेली आणि कार्बोरेटर डोलणाऱ्या इंजिनावर बसलेला, अशी स्थिती झाल्यामुळे त्या दोहोंना जोडणारा दांडा इंजिन डोलले की स्वतःच ओढला किंवा ढकलला जाऊ लागला, आणि चालकाने पाय स्थिर ठेवला असताही चकती आपल्या मनाने उघडमीट करू लागली. यावर उपाय म्हणून मधल्या भिंतीवर कोपराच्या आकाराच्या तरफा बसविण्यात आल्या, टोकांना गोळी व वाटीचे सांधे देण्यात आले, आणि दांड्यांची दिशा अशी योजण्यात आली की इंजिनाचे डोलणे त्यांना बाधू नये. गाडीचे बॉनेट उघडल्यावर ज्या दांड्यांच्या वेड्यावाकड्या वळणांचे नवख्याला नवल वाटते, त्यांतील प्रत्येक वळणामागे अशी एखादी कारणपरंपरा उभी असते.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. मुंबई इलाख्यात मोटारी उतरू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत संस्थानिकांच्या पागांशेजारी मोटारखाने उभे राहिले, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीस जुळणीचा कारखाना काढला. जुळणी येथे होई, सुटे भाग मात्र आगबोटीने येत. साहेबाची मॉरिस आणि ऑस्टिन, शेटजींची ब्यूक आणि शेव्हरोले, या साऱ्यांचे कार्बोरेटर निरनिराळ्या कुळांतले: एस. यू. हा स्किनर नामक इंग्रज पादत्राण व्यापाऱ्यांच्या घराण्यातून आलेला, म्हणूनच की काय प्रारंभी चामड्याचा भाता पोटात बाळगणारा, सोलेक्स फ्रान्सचा, स्ट्रॉमबर्ग आणि कार्टर अमेरिकेचे. इंग्रजी गाड्यांचे आटे व्हिटवर्थच्या मापाचे, अमेरिकन गाड्यांचे वेगळ्या इंची मापाचे, आणि पुढे आलेल्या इटालियन गाडीचे मिलिमीटरचे; त्यामुळे मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे तीन संच असावे लागत, आणि ज्याच्याजवळ ते नसत तो एका मापाचा स्क्रू दुसऱ्या मापाच्या भोकात पिळून बसवी व दांड्याच्या टोकाचे आटे कायमचे मारून टाकी. जुन्या गाड्यांच्या जोडण्यांत जी दुखणी आढळतात त्यांतील पुष्कळशी अशा पिळवणुकीची आहेत.

दुसरे महायुद्ध आले, पेट्रोलवर नियंत्रण बसले, आणि कोळशाच्या धुराने चालणाऱ्या गाड्या मागे भट्टी घेऊन घाट चढू लागल्या. त्या धुरात हवा मिसळण्यासाठी वेगळी झडप लागे, म्हणून तिला आणखी एक दांडा आला. मोटारीचा संपूर्ण कारखाना आपल्या देशात असावा, अशी योजना त्यापूर्वीच सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी परदेशांतील कारखाने पाहून आखली होती, आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला आधार देऊ केला होता. ज्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, त्यांना दाब, झडप आणि तरफ यांचे नाते निराळे शिकावे लागले नसेल. ती योजना सरकारी अनास्थेत अडकली. अखेर सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या, व नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ ची फियाट अकराशे, तिच्या अंगलटीवरून मुंबईकरांनी जिला ‘डुक्कर फियाट’ हे प्रेमाचे नाव दिले ती, पुढे १९६४ ची डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी, हा वंश चार दशकांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या रस्त्यांवर नांदला.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईने ते अधिकच आवळले गेले, आणि गाडी असो वा गाडीचा सुटा भाग, परवान्यावाचून तो बंदरात उतरेनासा झाला. शिवडीचा अमेरिकन कारखाना त्यापूर्वीच बंद पडला होता. गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. मग ज्याच्या घरी एकदा गाडी आली त्याने ती वीस-वीस वर्षे चालविली तर नवल ते काय! ज्या देशांत ही यंत्रे निर्माण झाली तेथे कार्बोरेटर झिजला की नवा आणीत. आमच्याकडे नवा नव्हता, म्हणून झीज भरून काढण्याची एक स्वतंत्र विद्या निर्माण झाली, आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास, कुर्ल्यात, पुण्यात नाना पेठेत तिचे गुरू आणि शिष्य दिवसाकाठी दहा-बारा तास लेथवर वाकून उभे राहू लागले. टंचाईचे मी गोडवे गात नाही. तिच्यापायी माणसांची फार कुचंबणा झाली. पण ही विद्या टंचाईच्या पोटी जन्मली हेही खरे, आणि सरकारी परवान्यांच्या ज्या फायली रचल्या गेल्या त्यांच्या तोडीची कामगिरी या अंधाऱ्या गाळ्यांतून झाली असे माझे मत आहे.

माझ्या वडिलांची फियाट होती, आणि नाना पेठेतील ज्या मिस्त्रींकडे ती जाई त्यांच्या बाकावर माझ्या बालपणीच्या कित्येक रविवारच्या सकाळी गेल्या. एकदा साताऱ्याहून परतताना खंबाटकीच्या घाटात ॲक्सिलरेटरची पट्टी एकाएकी पोकळ झाली. दांड्याच्या टोकाची वाटी झिजून गोळीवरून निसटली होती. वडिलांनी कार्बोरेटरच्या तरफेला सुतळी बांधली, ती बॉनेटच्या फटीतून खिडकीत आणून माझ्या हाती दिली, आणि ते “ओढ” म्हणत तेव्हा मी ओढावे, “सोड” म्हणत तेव्हा सोडावे, अशा रीतीने आम्ही घाट ओलांडला. टी मॉडेलच्या काळातील हाताचा कारभार त्या दिवशी तासाभरापुरता परत आला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींपुढे उभी राहिली. त्यांनी वाटी पाहिली, पण हात घातला तो थेट कार्बोरेटरला. गाडी चालू ठेवून त्यांनी स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी तेलाचे थेंब सोडले; इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. “कारबेटर हवा ओढतोय, साहेब,” ते वडिलांना म्हणाले. “म्हणून स्लो धरत नाही. तुमच्या आधीच्या माणसानं वर जाड स्प्रिंग लावून ठेवलीय.” ते जे सांगत होते त्याचा अर्थ असा: चकती ज्या पोलादी स्पिंडलवर बसते तो स्पिंडल कार्बोरेटरच्या जस्ती मिश्रधातूच्या अंगातील दोन भोकांत फिरतो, रस्त्याची धूळ तेलात कालवून त्या भोकांत कुरुंदासारखी काम करते, आणि स्प्रिंग व दांडा हे दोघेही स्पिंडलला एकाच अंगाला ओढीत असल्यामुळे भोक गोल न राहता त्या अंगाने लांबट होते. चकती मिटलेली असताना तिच्याखाली निर्वात निर्माण होतो, तो या फटीतून हिशेबाबाहेरची हवा ओढून घेतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन मंद गतीवर धाप टाकू लागते. चकती नीट परतत नाही हे पाहून कुणी अधिक कडक स्प्रिंग लावली तर दोन दिवस बरे वाटते, आणि भोक मात्र दुप्पट वेगाने झिजते. गाडीच्या दुखण्यांत इतके स्पष्ट कार्यकारण मला क्वचितच भेटले आहे.

मग दुरुस्ती सुरू झाली. चकती स्पिंडलला दोन इवल्याशा स्क्रूंनी धरलेली असते, आणि ते स्क्रू ढिले होऊन इंजिनाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून त्यांची टोके पलीकडून ठोकून फुलविलेली असतात. ती टोके मिस्त्रींनी बारीक कानशीने घासून काढली, स्क्रू काढले, चकती उचलून तिच्या वरच्या अंगावर कोरणीने एक खूण केली. खूण का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी चकती माझ्या तळहातावर ठेविली. ती पूर्ण वर्तुळाकार नव्हती. मिटताना ती गळ्यात किंचित तिरपी बसते, म्हणून तिचा आकार अंमळ लंबगोल आणि तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात. उलटी बसविली तर ती गळ्यात अडकते. स्पिंडल निघाला; दोन्ही भोके एकाच सरळ रेषेत मोठी करण्यात आली, कारण ती रेषा सुताइतकी जरी चुकली तरी नवा स्पिंडल आवळून बसतो; खराद्याने पितळेच्या सळईतून दोन बुश कातून दिले, ते दाबून बसविले गेले, आणि त्यांत नवा स्पिंडल तेलाच्या एका थेंबावर असा फिरू लागला की बोटाने टिचकी मारली तर तो आवाज न करता दोन फेरे घेई.

त्यानंतरची घटका मला सर्वांत प्रिय होती. चकती पुन्हा स्पिंडलच्या खाचेत सरकवायची, स्क्रू नुसते टेकवून ठेवायचे, आणि तरफ सोडून चकतीला आपल्या आपण गळ्यात मिटू द्यायचे. म्हणजे ती स्वतःची जागा स्वतः शोधते. मग मिस्त्री कार्बोरेटर उचलून दाराशी जात आणि तो आभाळाकडे धरून गळ्यातून पाहत. चकतीच्या भोवती प्रकाशाची जी रेघ दिसे ती सर्व बाजूंनी सारखी असली पाहिजे. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला बारीक दिसली की स्क्रू ढिले करून पुन्हा मिटवायचे. तीन-चार वेळा असे झाल्यावर ते मान डोलवीत, स्क्रू आवळीत, आणि खाली लोखंडाचा आधार देऊन त्यांची टोके पुन्हा हलक्या हाताने फुलवीत. वाटी व गोळीचा सांधा, ज्याच्यामुळे हे सारे रामायण घडले, तो नवा बसवायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. जाड स्प्रिंग काढून त्यांनी मूळची हलकी लावली आणि ती जाड स्प्रिंग, कुणास ठाऊक कशास उपयोगी पडेल म्हणून, खिळ्याला टांगून ठेविली.

या विद्येची खरी कसोटी मुंबईच्या टॅक्सीत लागे. घरची गाडी दिवसाकाठी पाच-दहा मैल चाले. काळीपिवळी फियाट दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन चालकांच्या हाती रात्रंदिवस राबे, आणि गिरगावापासून दादरपर्यंतच्या सिग्नलांवर तिचा थ्रॉटल एका दिवसात जितक्या वेळा उघडमीट करी तितकी घरच्या गाडीच्या वाट्याला महिन्यातही येत नसे. २००० च्या आगेमागे धुराचे नवे निर्बंध आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर निघून जाऊन इंधन मोजून फवारणारी योजना आली. जुन्या टॅक्सींत पेट्रोलच्या जागी सीएनजी आला. पुढे दांडेही गेले. पट्टीखाली विजेचा संवेदक आणि चकतीपाशी छोटी मोटर, मधे केवळ तार. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात मुंबईच्या रस्त्यांवरून कायद्याने उठली.

नाना पेठेतील तो गाळा आज नाही, मिस्त्रीही नाहीत. त्यांचा शागीर्द आता केवळ जुन्या मोटारींच्या हौशी मालकांची कामे घेतो, आणि त्याच्याकडे मी गेल्या पावसाळ्यात वडिलांची गाडी नेली होती. बुश, स्पिंडल, चकती, सारे यथास्थित बसल्यावर जोडणीची अखेरची परीक्षा उरली. दांड्याच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, त्यामुळे दांडा नुसता फिरवून त्याची लांबी कमीअधिक करता येते; पट्टी पूर्ण दाबली की चकती पूर्ण उभी राहिली पाहिजे, आणि सोडली की तरफ आपल्या थांब्याच्या स्क्रूला टेकली पाहिजे. हे एकट्याने पाहता येत नाही. एकाने आत बसावे, एकाने गळ्यात डोकावावे. त्याने माझ्या नातवाला आत बसविले. इंजिन बंद होते. पोराचा पाय पट्टीपर्यंत जेमतेम पोचत होता, म्हणून तो सीटच्या अगदी कडेवर सरकला.

“दाब, बाळ,” बॉनेटच्या आडून आवाज आला. “अजून. तळापर्यंत दाब.” मग दांड्याला अर्धा फेरा देण्याइतका वेळ शांतता. “आता सोड.”